प्रत्यक्ष पाहिलेले नाही

वेलिंग्टन,
१८ फेब्रुवारी २०१८

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

निवेदिताचा मेसेज मिळाला. आयर्लंडच्या ट्रिपबद्दल आपण दोघा बहीण-भावांनी यापुढे फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, काय ते लिहून कळवायचं, असा तुझ्या बायकोचा हुकूम आहे. रविवारच्या फोननंतर तू दोन दिवस घरात कोणाशी धड बोलला नाहीस म्हणे. मी इथे काय केलं ते कोणी विचारलं नाही. असो.

तर लेखी घे. तारखा बदलणार नाहीत. ७ जुलैला निघायचं, २१ला परत. जुईच्या शाळेला तेव्हाच सुट्टी आहे आणि नातीशिवाय आप्पा कुठे जात नाहीत. निवेदिताला हॉस्पिटलमधून रजा मिळत नाही हे मान्य, म्हणजे तू, मी, जुई आणि आप्पा असे चौघं. "पुढच्या वर्षी जाऊ" हे आपण चार वर्षं म्हणतोय. आप्पा एकोणऐंशीचे झाले, त्यांचे गुडघे काही पुढच्या वर्षी सुधारायचे नाहीत.

डब्लिनला उतरून गाडी घ्यायची आणि पश्चिम किनारा धरायचा. डिंगलचं द्वीपकल्प, मोहरचे कडे, बोटीनं इनिश मोर बेट आणि तिथला कड्याच्या टोकावरचा दगडी किल्ला, मग कॉनेमाराची तळी, वर डोनेगलमध्ये स्लीव्ह लीगचे कडे, आणि अगदी उत्तरेचं टोक मालिन हेड. बुकिंग माझ्याकडे, गाडीही मीच चालवणार. तुझ्याकडे फक्त एक काम आहे. आपल्या तिघांचे पासपोर्ट न्यू झीलंडचे, आपल्याला व्हिसा लागत नाही. आप्पांचा अजून भारताचाच आहे, त्यांना लागतो. तो तू काढायचा. एवढंच.

तुझी,
विभाताई

•

रोटोटुना, हॅमिल्टन,
४ मार्च २०१८

ती. विभाताईस,
सा. न.

तुझं पत्र आणि सोबतचं चौदा दिवसांचं वेळापत्रक मिळालं. "सकाळी ८.१० नाश्ता, ८.३५ टॉयलेट, ८.४० प्रस्थान." ही ट्रिप आहे की परेड? जुईनं वाचलं आणि विचारलं, आत्या हॉलिडेला पण ऑफिस घेऊन येणार का.

जुलै ठरवताना तू मला विचारलं नाहीस. इथे 'ते रापा' गावच्या आमच्या दूध कारखान्यात बाकीचं वर्षभर दुधाचा पूर असतो. जून-जुलैत गाई आटतात, प्लांट बंद होतो, आणि तेव्हाच आम्हा मेंटेनन्सवाल्यांना सगळी यंत्रं उघडावी लागतात. त्या काळात दोन आठवडे रजा मागितली तेव्हा साहेबानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे किडनीच मागतोय. मिळाली आहे. तुझ्या वेळापत्रकात याला रकाना नाही म्हणून सांगतोय.

आप्पांना मोहरच्या कड्यांचे फोटो दाखवले. "छान आहे" म्हणाले. आणखी काय बघायचंय विचारलं, तर नेहमीचंच. "माझं काय, तुम्ही ठरवाल ते." मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ते पेपर घेऊन बाहेर ऊन खायला गेले.

व्हिसाची काळजी करू नकोस. माझा मित्र रणजित गेल्या वर्षी पुण्याहून आईवडिलांना घेऊन गेला होता. एकाच व्हिसावर त्यांनी डब्लिन पण केलं आणि लंडन पण. फॉर्म भरायचा, पासपोर्ट पाठवायचा, संपलं. इथले लोक सगळं झकास जमलं की म्हणतात तसं, स्वीट अ‍ॅज.

तुझा,
चारू

•

वेलिंग्टन,
११ मार्च २०१८

चि. चारूस,
अ. आ.

रणजितबद्दल तू जे लिहिलंस त्यामुळे मी तीन दिवस नीट झोपलेली नाही. चांगल्या अर्थानं.

एका व्हिसात ब्रिटनही होत असेल, तर उत्तर आयर्लंड होईल. आणि उत्तर आयर्लंड होत असेल, तर जायंट्स कॉजवे होईल. तुला हे नाव आठवणार नाही. तू आप्पांच्या वर्गात कधी नव्हतास, मी आठवी-नववी दोन्ही वर्षं होते. कऱ्हाडच्या शाळेत आप्पा "अग्निजन्य खडक" शिकवायला लागले की एक तक्ता टांगायचे. स्वतः काढलेला. समुद्रात उतरत गेलेले काळे षटकोनी खांब, हजारोंनी, एकाला एक चिकटून. लाव्हा थंड होताना तडकतो आणि असे आकार होतात. आपल्या सह्याद्रीचाच दगड, बेसॉल्ट, पण निसर्गानं पट्टी घेऊन कापल्यासारखा.

तक्त्याच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पु. ना. देवस्थळी." पोरं हसायची. दुसरे सर न पाहिलेलं जग छाती ठोकून सांगायचे आणि आप्पा दरवर्षी म्हणायचे, हे मी पाहिलेलं नाही, म्हणून माझ्यावर नको, पुस्तकावर विश्वास ठेवा. चौतीस वर्षं त्यांनी तो तक्ता टांगला. मला तेव्हा फार लाज वाटायची. आता वाटते ती माझीच.

मालिन हेडनंतर १९ जुलै मोकळा केला आहे. डोनेगलमधल्या ग्रीनकॅसलहून छोटी फेरीबोट सुटते, गाडीसकट पंधरा मिनिटांत पलीकडे, ब्रिटनच्या हद्दीत. तिथून खडक तासाभरावर. आप्पांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. त्यांना एकदम तिथे नेऊन उभं करायचं. माझी शपथ आहे तुला.

विभाताई

•

रोटोटुना,
१३ जून २०१८

ती. विभाताईस,
सा. न.

आप्पांचा आयर्लंडचा व्हिसा सोमवारी आला.

मी शांतपणे तुझं वेळापत्रक पुन्हा पाहिलं. मला वाटतं शेवटचे दोन दिवस फार ओढाताण होते. मालिन हेडहून फेरी, मग तासभर गाडी, मग खडकांवरून चालणं, तेही ओल्या. आप्पा पडले तर? त्यापेक्षा १९ला गॉलवेत आराम करू. गाव छान आहे म्हणतात, रस्त्यावर गाणीबिणी असतात, जुई म्हणते तशी 'हीप्स', म्हणजे ढीगभर मजा येईल तिला. उत्तरेचं पुन्हा कधीतरी बघू.

इथे थंडी फार आहे. कारखान्यात तीन पंप उघडून पडलेत.

चारू

•

वेलिंग्टन,
१४ जून २०१८

चारू,

आशीर्वाद वगैरे आज नाही.

चार महिने मी बुकिंगं करतेय, रद्द करतेय, पुन्हा करतेय, ती कशासाठी? गॉलवेत रस्त्यावरची गाणी ऐकायला? आप्पांनी आपल्याकडे कधी काही मागितलं नाही. आई गेल्यावर कऱ्हाडचं घर बंद करून तुझ्याकडे आले तेव्हाही "तुम्ही ठरवाल ते" म्हणाले. त्यांना काय हवंय हे मला चाळीस वर्षांत एकदाच कळलं आहे आणि तू ते पंपांच्या बातमीसोबत दोन ओळींत कापून टाकतोस.

तुझं लहानपणापासून असंच. काम अंगावर आलं की तुझं पोट दुखतं. तेव्हा आई पाठीशी घालायची, आता निवेदिता घालते. ओले खडक म्हणे. मी धरीन त्यांना. तू गाडीत बस.

१९ तारीख हलणार नाही.

विभा

•

रोटोटुना,
१९ जून २०१८

ती. विभाताईस,

तुझं पत्र चारदा वाचलं. आता खरं लिहितो.

रणजितनं अर्ज पुण्याहून केला होता. भारतातून अर्ज केला की एका व्हिसावर दोन्ही देश चालतात. न्यू झीलंडहून केला तर ती सोय नाही, हे मी वाचलं नाही. रणजितचं झालं म्हणजे आपलं होणार, एवढ्यावर मी गेलो. आप्पांच्या व्हिसावर फक्त आयर्लंड आहे. मला त्या सोमवारी पाकीट उघडल्यावर कळलं. ब्रिटनचा वेगळा काढायला आता तीन आठवडे लागतील, तेही सगळं सुरळीत झालं तर, आणि पासपोर्ट त्यांच्याकडे द्यावा लागेल. आपण अठरा दिवसांनी निघतोय. मी तीन ठिकाणी फोन केले. कोणीही "होईल" म्हणालं नाही.

तुझा राग सहन करता आला असता. पण त्या तक्त्याबद्दल तू लिहिलंस ना, तेव्हा तो आता कुठे असेल कोण जाणे, असं मला वाटलं होतं. तो इथेच आहे. आप्पांच्या कपाटावर गुंडाळी करून ठेवलेला. बावीस किलोच्या बॅगेत त्यांनी तो आणला आणि दोन स्वेटर मागे ठेवले. परवा जुईनं काढून जमिनीवर उलगडला. मी त्या वेळी खोलीत होतो, बाहेर गेलो.

आप्पांना काही माहीत नाही. माहीत असतं तर निदान शिव्या तरी दिल्या असत्या.

चारू

•

वेलिंग्टन,
२१ जून २०१८

चि. चारूस,

मी काल ऑफिसातून लवकर निघून बंदरावर तासभर चालले, नाहीतर हे पत्र छापण्यासारखं झालं नसतं. तुला एकच काम दिलं होतं, हे वाक्य मी एकदाच लिहिते आणि सोडून देते.

आता ऐक. त्या सीमेवर चौकी नाही, पोलीस नाहीत, पासपोर्ट कोणी बघत नाही. माझ्या ऑफिसातली आयरिश बाई सांगत होती, लोक तिथे दुधाची पिशवी आणायला सीमा ओलांडतात. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण अडवणार आहे? आपण जायचं. मला हे आवडत नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

त्यांना सांगू नकोस. आता तर मुळीच नको.

विभाताई

•

रोटोटुना,
२९ जुलै २०१८

ती. विभाताईस,
सा. न.

विमानात आपण सव्वीस तास शेजारी बसून तीन वाक्यं बोललो. आता लिहून बोलू.

ग्रीनकॅसलला आप्पांनी फेरीच्या रांगेतून गाडी बाहेर काढायला सांगितली, तेव्हा तू स्टिअरिंगवर डोकं टेकलंस. म्हणून ते नेमकं काय म्हणाले ते कदाचित तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. आधी त्यांनी विचारलं, ही लॉक फॉइलची खाडी ना? मग पलीकडे बोट दाखवून, ते ब्रिटनचं राज्य ना? मग म्हणाले, "चौतीस वर्षं मी पोरांना सीमा लाल पेन्सिलीनं गिरवायला लावली. रेघ जरा हलली तरी खोडायला लावली. ती मी कशी ओलांडू? जुईला दाखवून आणा."

तू चिडून जुईला घेऊन गेलीस, ते बरं झालं. तुझ्या जागी मी असतो तर गेलोच नसतो आणि मग पोरीचंही राहिलं असतं.

आम्ही सव्वापाच तास तिथे होतो. बाकावर बसलो, पाऊस आला, चहाच्या दुकानात गेलो, ऊन पडलं, परत बाकावर. समोरची वाळूची पट्टी इतकी जवळ होती की तिथला कुत्रा दिसत होता. आप्पा पूर्ण वेळ तिकडेच पाहत होते. डिंगलला त्यांनी मला लाटांनी कापलेल्या कमानी दाखवल्या, मोहरला सगळं धुक्यात असताना अनोळखी जर्मन जोडप्याला खडकांचे थर समजावले, इनिश मोरला घोडागाडीवाल्याशी दगडी कुंपणांबद्दल वाद घातला. तेच आप्पा तिथे पाच तासांत भूगोलाचं एक वाक्य बोलले नाहीत.

मी सांगायचा प्रयत्न केला. "आप्पा, ते व्हिसाचं" एवढं म्हणालो. ते म्हणाले, "चहा गार होतोय." दुसऱ्यांदा म्हणालो तर म्हणाले, "स्कोन घे, बरा आहे." मला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की मोकळं होऊ. तेही नशिबात नव्हतं.

घरी आल्यापासून ते नेहमीसारखे आहेत. सकाळी चालायला जातात, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणतात. ते नेहमीसारखे आहेत याचाच मला वैताग येतो.

तू पलीकडे काय पाहिलंस ते मला अजून कळलेलं नाही. जुईला विचारलं की ती म्हणते, ते आप्पाजींचं सीक्रेट आहे.

चारू

•

वेलिंग्टन,
५ ऑगस्ट २०१८

चि. चारूस,
अ. आ.

काय पाहिलं? खरं सांगायचं तर मी पाहिलंच नाही. तिथे पोचले, वळणावरून खाली आले, आणि समोर तो तक्ता. तसाच. आप्पांनी काढला होता अगदी तसा, फक्त त्याच्यावर पाणी आपटत होतं. मला इतका राग आला की मी एका खांबावर बसले आणि ढसाढसा रडले. तुझ्यावर, माझ्यावर, आणि हो, आप्पांवरही. चौकी नसलेल्या सीमेसाठी माणूस इतका हट्ट करतो? एरवी काहीच मागायचं नाही, आणि हट्ट करायचा तो असा.

फोटो काढायला मोबाईल उघडला तर जुईनं हात धरला. म्हणाली, "आत्या, आप्पाजी सेड फोटोज इंटरनेटवर हीप्स आहेत. काउंट करायचं." आप्पांनी तिला निघताना वही दिली होती. ती जँडल्स, म्हणजे त्या रबरी चपला, हातात घेऊन अनवाणी एकेका खांबावर उभी राहायची, बोटानं कडा मोजायची, खाली वाकून वहीत लिहायची. दीड तास. पावसात. मी छत्री धरून मागे मागे. अकरा वर्षांची पोर, घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, आणि तिथे "पाच, सहा, सहा, सात" करत होती. मला वाटतं आप्पांनी तिला तसंच शिकवलं असावं, तिला वेगळं सुचलंच नाही.

परतीच्या फेरीवर मी एकच विचार करत होते. मी ते गुपित ठेवलं नसतं, तर? मार्चमध्ये आप्पांना सरळ म्हणाले असते, कॉजवेला जायचंय, तर त्यांनी त्याच दिवशी नकाशा काढून सांगितलं असतं की तिथे दुसरा व्हिसा लागेल. चार महिने हातात होते. तू वाचलं नाहीस, चारू, पण मी त्यांना बोलूही दिलं नाही. जून महिन्यात तुला जे लिहिलं त्यातलं पोटदुखीचं वाक्य मी परत घेते. बाकीचं अजून विचाराधीन आहे.

विभाताई

•

रोटोटुना,
१४ ऑगस्ट २०१८

चि. विभा आणि चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं माझ्याविषयी सहा महिने पत्रव्यवहार करत आहात, हे मला जुईकडून समजलं. मलाही मत असल्यामुळे एक पत्र मी लिहितो. चारू खालच्या मजल्यावरच आहे, पण त्यालाही टपालानंच मिळेल. तुमच्या घरात तशी पद्धत दिसते.

व्हिसा ज्या सोमवारी आला, त्या संध्याकाळी चारू पासपोर्ट टेबलावर ठेवून अंघोळीला गेला. मी तो वाचला. छापलेलं काहीही मी वाचल्याशिवाय ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. त्यावर फक्त आयर्लंड होतं. विभाच्या वेळापत्रकात १९ तारखेला ग्रीनकॅसल होतं आणि पुढे कोरी जागा. मी भूगोलाचा शिक्षक आहे. ग्रीनकॅसलच्या पुढे काय आहे ते मला कोऱ्या जागेतही दिसतं.

मला राग आला नाही असं लिहिणं खोटं होईल. फार राग आला. तुम्ही दोघांनी मला लहान मुलासारखं गुंडाळून न्यायचं ठरवलंत. चारू तोंड पाडून फिरत होता, त्याला काही विचारावं तर तो आणखी खचेल असं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. बाकावरही म्हणूनच गप्प होतो. त्याच्या तोंडून ते ऐकलं असतं तर मी रागावलो असतो, आणि परक्या गावात मुलावर ओरडायची माझी इच्छा नव्हती. समोरचा किनारा पाहून मात्र मला रडू येत होतं, ते मी चहात बुडवलं.

पण आज लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की हे सगळं मीच सुरू केलं आहे. चारूनं मार्चमध्ये तीनदा विचारलं, आप्पा, काय बघायचंय. मी "तुम्ही ठरवाल ते" म्हणून उन्हात जाऊन बसलो. तुमची आईही मला हेच म्हणायची, की तुमच्या मनातलं ओळखता ओळखता माझा जन्म गेला. तेव्हा मी हसायचो.

जुईनं त्रेचाळीस खांब मोजले. सहा बाजूंचे सव्वीस, पाच बाजूंचे अकरा, सात बाजूंचे चार, चार बाजूंचा एक आणि आठ बाजूंचा एक. माझ्या तक्त्यात मी सगळेच सहा बाजूंचे काढले होते. चौतीस वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं. आम्ही दोघांनी तक्ता जमिनीवर पसरून रविवारी दुरुस्त केला. ती म्हणाली, आप्पाजी, ती खालची लाईन आता खोडूया. मी नाही म्हणालो, कारण मी अजून पाहिलेलं नाही. मग तिनं पेन घेतलं, कोपरावर रेलून बराच वेळ लिहिलं आणि मला दाखवलं. माझ्या ओळीखाली, वेडंवाकडं, पण मराठीत: "मी पाहिले. जुई." तिनं मराठीत लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता कामाचं. काल मी लायब्ररीत जाऊन ब्रिटनच्या व्हिसाचा फॉर्म काढून आणला आहे. मी स्वतः भरणार आहे, तुम्ही दोघांनी त्याला हात लावायचा नाही. जुलै चारूला अडचणीचा असेल तर एप्रिलच्या सुट्टीत जाऊ. विभानं नाश्त्याची वेळ अर्ध्या तासानं पुढे न्यावी.

त्या फॉर्मात एक प्रश्न आहे, प्रवासाचा हेतू काय. मी त्या रकान्यापुढे बराच वेळ पेन धरून बसलो. मग "तुम्ही ठरवाल ते" असं न लिहिता मी लिहिलं, "मला ते दगड बघायचे आहेत."

तुमचा,
आप्पा